कॅरिबियन समुद्रांतील पहिली सफर व किनाऱ्यावरील सहली

पूर्वीं समुद्रप्रवास हें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पोंचण्याचें साधन होतें. मुंबईहून गोव्याच्या आगबोटींत बसणारा उतारू बसे तो पणजीस उतरण्यासाठीं. बोटीवर राहण्याची हौस म्हणून कोणी जात नसे. हल्लीं ज्याला क्रूझ म्हणतात त्या प्रवासाची रीत याच्या उलट आहे. येथें जहाज हेंच घर व जहाज हीच खाणावळ; आणि प्रवास बहुधा संपतो तो जेथून निघाला त्याच बंदरांत. मग मधल्या बंदरांचें प्रयोजन काय? तर सकाळीं उतरावें, दिवसभर एखादें बेट पाहावें, व सायंकाळीं परत येऊन जेवावें. या उतरण्यालाच किनाऱ्यावरील सहल असें म्हणतात. पहिल्यानेंच जाणाऱ्या माणसाचा पैसा, शक्ति आणि उत्साह हीं तिन्ही जर कोठें वायां जात असतील, तर तीं या सहलींच्या निवडींत.

मराठी कुटुंबांत हा प्रश्न आतां नवा राहिलेला नाहीं. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत स्थायिक झालेली असते. आईवडील कांहीं महिने तिकडे जातात. आणि फ्लॉरिडांतील मायामी किंवा फोर्ट लॉडरडेल येथून निघणाऱ्या सात रात्रींच्या सफरीस सर्वांनीं मिळून जावें, असें ठरतें. तिकिटें काढून होतात. मग कंपनीकडून सहलींची लांबलचक यादी येते. प्रत्येक सहलीचें चित्र मनोहर व वर्णन गोड असतें. तिकिटाच्या रकमेंत जहाजावरील राहणें व जेवणखाण येतें. सहलींचें मूल्य मात्र निराळें आणि माणशीं द्यावें लागतें. त्यामुळें पांच माणसांच्या कुटुंबाचा आंकडा हां हां म्हणतां फुगतो. अशा वेळीं चित्र पाहून निवड करणें ही पहिली चूक होय. निवडीचा क्रम असा असावा: प्रथम बंदर, नंतर घड्याळ, त्यानंतर आपलें शरीर, आणि सर्वांच्या शेवटीं चित्र.

बंदराचा विचार करतांना या समुद्राचे ढोबळ मानानें तीन भाग पडतात. पश्चिमेकडील मार्गावर मेक्सिकोचें कोझुमेल बेट, बेलीझ, ग्रँड केमन, जमैका हीं ठिकाणें येतात. तेथें प्रवाळ आणि माया लोकांचे प्राचीन अवशेष हें पाहण्याजोगें. पूर्वेकडे पोर्टो रिकोची राजधानी सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन हीं. तेथें किल्ले, शुभ्र वाळूचे किनारे व बाजारपेठा. दक्षिणेकडे डोमिनिका, सेंट लुशिया, बार्बाडोस इत्यादि बेटें. त्यांपैकीं पहिलीं दोन ज्वालामुखी पर्वतांचीं व दाट झाडीचीं, आणि तिसरें सखल व उसाच्या शेतांचें. प्रवासाचा मार्ग एकदां ठरला म्हणजे कोणतें सुख मिळणार व कोणतें मिळणार नाहीं याचा अर्धा निर्णय होऊन जातो. पूर्वेकडील मार्ग घेऊन माया लोकांचे अवशेष शोधणें व्यर्थ.

दुसरा प्रश्न असा कीं, जहाज धक्क्याला लागतें कीं समुद्रांतच उभें राहतें? ज्यांनीं कोकणच्या आगबोटींच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांना बोट खोल पाण्यांत थांबून उतारूंना पडावांतून किनाऱ्यास नेण्याचा प्रकार ठाऊक आहे. ग्रँड केमन व बेलीझ येथें आजही मोठ्या जहाजांचें तसेंच होतें; पडावाऐवजीं यंत्रावर चालणारी लाँच असते, इतकाच भेद. बेलीझचा किनारा इतका उथळ कीं जहाज दूरवर उभें राहतें व लाँचेंतून जाण्यासच बराच वेळ लागतो. समुद्र खवळला तर उतरणें रहितही होतें. ज्यांचे गुडघे दुखतात, अशांनीं हलत्या लाँचेंत पाय टाकावयाचा आहे हें आधींच ध्यानांत घ्यावें.

आतां घड्याळ. यादींत ‘बंदरांत सकाळीं ८ ते सायंकाळीं ५’ असें लिहिलेलें असतें. परंतु हे नऊही तास आपले असें समजूं नये. जहाज लागल्यावर तेथील अधिकाऱ्यांची परवानगी मिळून उतारू सोडण्यास वेळ जातो. तसेंच सुटण्याच्या वेळेपूर्वीं अर्धा तास, कधीं तासभर, सर्वांनीं परत असावें असा नियम असतो. म्हणजे हातीं उरले साडेसात तास. या हिशेबानें कोझुमेलचें उदाहरण पाहावें. समुद्रकांठच्या कड्यावरील तुलुम या तटबंदीच्या माया नगराचें चित्र फार मोहक असतें. परंतु कोझुमेल हें बेट आहे आणि तुलुम मुख्य भूमीवर आहे. फेरीबोटीनें सुमारें पाऊण तास व पुढें मोटारीनें सुमारें तासभर, असा एकीकडचा प्रवास आहे. जाऊन येऊन साडेतीन-चार तास, रांगांत उभें राहण्याचा तास निराळा. शेवटीं भर उन्हांत अवशेषांपाशीं दीड-दोन तास मिळतात. ज्याला इतिहासाची खरी आवड आहे त्यानें हें अवश्य करावें. परंतु ज्याला माया लोकांचें एखादें स्थान पाहिल्याचें समाधान पुरे, त्याला कोझुमेल बेटावरच सान हेर्वासिओ नांवाचे अवशेष आहेत. इश्चेल देवीच्या दर्शनासाठीं माया स्त्रिया समुद्र ओलांडून तेथें यात्रेस येत असत. बांधकाम लहान आहे. पण ज्या देशांत अष्टविनायकाची व पंढरीची यात्रा घडते, त्या देशांतील माणसाला तें परकें वाटूं नये.

घड्याळाचा आणखी एक धोका आहे, आणि तोच सर्वांत मोठा. जहाजाची वेळ व बेटाची वेळ एक असेलच असें नाहीं. अमेरिकेंत उन्हाळ्यांत घड्याळें तासभर पुढें करतात. सान हुआन, सेंट थॉमस, जमैका, केमन येथें तसें करीत नाहींत. कोझुमेल ज्या प्रांतांत आहे त्या किंताना रो प्रांतानेंही २०१५ सालापासून वर्षभर एकच वेळ ठेविली आहे. त्यामुळें मायामीशीं तुलना करतां सान हुआनची वेळ हिंवाळ्यांत एक तास पुढें, तर उन्हाळ्यांत बरोबर तीच. कोझुमेलची हिंवाळ्यांत तीच, तर उन्हाळ्यांत एक तास मागें. कांहीं जहाजें आपलें घड्याळ बंदराप्रमाणें बदलतात, कांहीं बदलत नाहींत. खिशांतील मोबाइल मात्र कोणास न विचारतां स्थानिक वेळ दाखवूं लागतो. जहाज तासभर पुढच्या वेळेवर चालत असेल, तर मोबाइलवर विसंबणारा माणूस धक्क्यावर येतो तों जहाज निघून गेलेलें असतें. म्हणून मनगटास साधें घड्याळ बांधावें, तें जहाजाच्या वेळेस लावावें, आणि उतरतांना दारावर लिहिलेली परतीची वेळ प्रत्येकानें वाचावी.

घड्याळामागून शरीराचा विचार येतो. सहलींच्या यादींत श्रमाचें मान सोपें, मध्यम, कठीण असें दिलेलें असतें. परंतु तें मान लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नऊवारी नेसलेल्या आजीबाई नसतात. जमैकांतील डन्स रिव्हर धबधब्याची सहल प्रसिद्ध आहे. धबधबा सुमारें ६०० फूट लांबवर पायऱ्यापायऱ्यांनीं समुद्राकडे उतरतो, आणि प्रवासी एकमेकांचे हात धरून सांखळी करून वाहत्या पाण्यांतून वर चढतात. तरुणांना यासारखी मौज नाहीं. खडक मात्र निसरडे आहेत. रबरी तळाचे, पायांत घट्ट बसणारे जोडे हवेतच. ज्यांना चढणें नको त्यांच्यासाठीं बाजूनें जिना आहे. तेथून मुलानातवंडांची गंमत पाहतां येते. डोमिनिका बेटावर उकळत्या पाण्याचें एक सरोवर आहे. तें पाहण्यास डोंगरांतून जाऊन येण्यास सहा तासांहून अधिक चालावें लागतें. जहाजाच्या उतारूनें त्या वाटेस न जाणें बरें. त्याच बेटावरील ट्रफालगरचे जुळे धबधबे मात्र मोटारीच्या वाटेपासून थोडें चालून दिसतात.

समुद्रांत उतरण्याविषयीं विशेष जपावें. तोंडाला नळी व डोळ्यांस कांच लावून प्रवाळ पाहण्याची सहल बहुतेक प्रत्येक बंदरांत असते. गांवच्या विहिरींत पोहलेला माणूस समुद्रांत पोहूं शकतो असें नाहीं. लाटा व ओढ या निराळ्या गोष्टी आहेत. तरंगण्याचें जाकीट अंगांत घालण्यास लाजूं नये, आणि हृदयाचा किंवा दम्याचा विकार असल्यास वैद्याचा सल्ला घेतल्यावांचून उतरूं नये. ज्यांना पोहतां येत नाहीं त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. कांचेच्या तळाची होडी असते. कोझुमेल व ग्रँड केमन येथें खऱ्या पाणबुडींत बसूनही प्रवाळ पाहतां येतो. ग्रँड केमन येथेंच पाकट माशांचें एक उथळ स्थान आहे. कोळी तेथें मासळी साफ करीत, त्या लोभानें पाकट जमूं लागले व पुढें माणसांस सरावले. पाणी साधारण कमरेइतकें. येथें पाय उचलून टाकूं नये, वाळूवरून घासत न्यावा. म्हणजे पाकट आपण होऊन दूर होतो व त्याच्या शेपटीचा कांटा लागण्याचें भय राहत नाहीं.

एवढा विचार झाल्यावर मग चित्राकडे वळावें, आणि तेंही थोड्या संशयानें. चित्रांतील किनाऱ्यावर गर्दी नसते. प्रत्यक्षांत एकाच दिवशीं चार-पांच जहाजें आलीं तर हजारों माणसें उतरतात. २०११ सालापासून या समुद्रांत सर्गॅसम नांवाचें पिंगट शेवाळ फार मोठ्या प्रमाणावर येऊं लागलें आहे. वसंत व उन्हाळा या काळांत विशेषतः पूर्वाभिमुख किनाऱ्यांवर त्याचे ढीग लागतात व तें कुजून दुर्गंधि येते. म्हणून किनाऱ्याची सहल घेण्यापूर्वीं तो किनारा कोणत्या दिशेचा, हें विचारावें.

सहलींची व्यवस्था चार प्रकारांनीं होते: जहाज कंपनीकडून, स्थानिक चालकाकडून आगाऊ ठरवून, धक्क्यावर टॅक्सी करून, आणि केवळ पायीं. कंपनीची सहल महाग पडते व तींत गर्दी असते. परंतु तिचा एक मोठा गुण आहे. परतण्यास उशीर झाला तर जहाज बहुधा थांबतें, आणि थांबणें शक्य नसलें तर उतारूंना पुढें पोंचविण्याची व्यवस्था कंपनी करते. स्वतः ठरविलेल्या सहलीस हें अभय नाहीं. ती स्वस्त असते, मंडळी थोडी असतात, गाडीवाला सांगाल तेथें थांबतो; पण टायर फुटला तर जहाज वाट पाहत नाहीं. मागें राहिलेल्या माणसास स्वखर्चानें पुढचें बंदर गांठावें लागतें. भारतीय पारपत्र बाळगणाऱ्यास ही अडचण दुप्पट होते, कारण त्या बेटावर राहण्याचा किंवा मधल्या देशांतून विमानानें जाण्याचा परवाना त्याच्यापाशीं नसण्याचा संभव असतो. अमेरिकन नागरिक झालेल्या मुलाला जें सहज साधतें तें आईवडिलांना साधेल असें नव्हे. शिवाय मायामीस परत येणें हा अमेरिकेंतील पुनःप्रवेशच होय. म्हणून एकाहून अधिक वेळां प्रवेश देणारा व्हिसा असल्याची खात्री तिकिट काढण्यापूर्वींच करावी, व प्रत्येक बंदराचा नियम कंपनीस लेखी विचारावा.

यावरून एक साधा नियम निघतो. जें ठिकाण धक्क्यापासून दूर, किंवा जेथें मध्यें फेरीबोट वा घाटाचा रस्ता आहे, तेथें कंपनीचीच सहल घ्यावी; जें जवळ आहे तेथें स्वतः जावें; आणि जें समोर आहे तेथें एक पैसाही खर्चूं नये. सेंट लुशियाची राजधानी कॅस्ट्रीझ येथून पिटन्स या दोन सुळक्यांपर्यंतचा रस्ता वळणावळणाचा व तासाहून अधिक वेळाचा आहे; तो पहिल्या वर्गांत पडतो. बार्बाडोसचें केन्सिंग्टन ओव्हल हें क्रिकेटचें मैदान दुसऱ्या वर्गांत येतें. तें बंदरापासून जवळ आहे, आणि यादींतील ठळक चित्रांत तें असेलच असें नाहीं. परंतु १९७१ सालीं अजित वाडेकर यांच्या संघानें वेस्ट इंडीजमध्यें पहिली मालिका जिंकली, तेव्हां याच मैदानावर गोव्यांत जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनीं १५० धावा काढल्या व सुनील गावसकर ११७ धावांवर नाबाद राहिले. २०२४ सालीं वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना भारतानें येथेंच जिंकला. ज्यांनीं तो १९७१ चा विजय रेडिओला कान लावून ऐकला, त्यांच्या दृष्टीनें हें मैदान दहा किनाऱ्यांहून मोलाचें आहे.

समजा, सत्तरीच्या आसपासचें एक जोडपें, त्यांचा मुलगा, सून व दहा वर्षांची नात पूर्वेकडील मार्गानें जात आहेत. बंदरें सान हुआन, सेंट थॉमस आणि सेंट मार्टिन. यांनीं काय करावें? सान हुआन येथें कांहींच विकत घेऊं नये. जुनें शहर धक्क्यासमोरच आहे. एल मोरो या किल्ल्याचें बांधकाम १५३९ सालीं सुरू झालें. तो व सान क्रिस्टोबल हा दुसरा किल्ला १९८३ पासून जागतिक वारशांत गणले जातात. सिंधुदुर्ग किंवा जंजिरा पाहिलेल्या माणसास समुद्राशीं झुंजणारा तट कसा असतो हें सांगावयास नको. येथें तोच विचार स्पॅनिश हातांनीं केलेला दिसतो. किल्ल्यापर्यंत चढ आहे, म्हणून वडील मंडळींनीं वर टॅक्सीनें जावें व उतरतांना पायीं यावें.

सेंट थॉमस हें बेट डेन्मार्कचें होतें. १९१७ सालीं अमेरिकेनें तें इतर बेटांसह अडीच कोटी डॉलर देऊन घेतलें. येथें टॅक्सीचें भाडें गाडीमागें नसून माणशीं असतें व दर सरकारनें ठरविलेले असतात; बसण्यापूर्वीं ते विचारावे. मेगन्स बे हा शांत पाण्याचा किनारा टॅक्सीनें गांठतां येतो. नातीस तो पुरेसा आहे. त्वचेस लावण्याची उन्हाळी मलमें येथें जपून न्यावीं. प्रवाळास घातक ठरलेलीं ऑक्सिबेन्झोनयुक्त मलमें या बेटांवर २०२० सालापासून कायद्यानें बंद आहेत. सेंट मार्टिन या लहानशा बेटाचे १६४८ सालच्या तहापासून फ्रेंच व डच असे दोन भाग आहेत. विमानतळालगतच्या माहो किनाऱ्यावर डोक्यावरून विमानें उतरतांना पाहण्यास गर्दी होते. उतरणारें विमान पाहावें. सुटणाऱ्या विमानामागें कुंपण धरून उभें राहूं नये. २०१७ सालीं तेथें एका प्रवासी स्त्रीचा अशा झोतानें मृत्यु झाला. या कुटुंबानें एकच सहल विकत घ्यावयाची तर ती येथील कंपनीची होडीची सहल घ्यावी. तीन बंदरांत एक सहल, हें प्रमाण पहिल्या प्रवासास योग्य आहे. रोज एक घेणाऱ्याचें होतें तें ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असें; चौथ्या दिवशीं आजी खोलींत पडून राहतात व भरलेले पैसे परत मिळत नाहींत.

सहल ठरवितांना चार प्रश्न अवश्य विचारावे. परतीची वेळ जहाज सुटण्यापूर्वीं किती? चालणें व चढणें किती? शाकाहारी खाणें मिळेल काय? आणि जहाज त्या बंदरास गेलेंच नाहीं तर पैसे परत मिळतील काय? हा शेवटचा प्रश्न नुसता शंकेखोरपणाचा नव्हे. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तेथील चक्रीवादळांचा काळ; ऑगस्ट ते ऑक्टोबर विशेष जोराचा. वादळ टाळण्यासाठीं कप्तान वाटेल तें बंदर गाळूं शकतो. कंपनीच्या सहलीचे पैसे अशा वेळीं परत मिळतात. स्थानिक चालकाची अट आधीं वाचलेली बरी. आणखी एक बारीक गोष्ट: जमैका, बार्बाडोस इत्यादि बेटांवर लष्करी ठिपक्यांचे कपडे नागरिकांनीं घालण्यास कायद्यानें मनाई आहे, नातवाची तसली टोपी जहाजावरच ठेवावी.

सहल म्हणजे केवळ पाणी व वाळू नव्हे. हीं बेटें साखरेसाठीं वसविलीं गेलीं व आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर पोसलीं. गुलामगिरी बंद झाल्यावर हिंदुस्थानांतून करारबंद मजूर नेण्यांत आले. त्रिनिदादला मजुरांचें पहिलें जहाज ३० मे १८४५ रोजीं लागलें. आज तेथील लोकसंख्येचा तिसऱ्याहून अधिक भाग त्या मजुरांच्या वंशजांचा आहे. जहाज पोर्ट ऑफ स्पेनला लागत असेल तर वॉटरलू येथील समुद्रांतील मंदिर पाहावें. जमिनीवर जागा नाकारली गेली तेव्हां सिवदास साधु या मजुरानें समुद्रांत भर घालून तें उभारलें. सर्वच बेटांवर बोलण्याची एक रीत आहे. दुकानांत शिरतांच भाव विचारूं नये. आधीं ‘गुड मॉर्निंग’ म्हणावें, मग विचारावें. नमस्कार केल्यावांचून बोलणें हा तेथें उद्धटपणा मानतात, आणि एवढ्याशा शब्दानें टॅक्सीवालाही मित्र होतो.

शेवटीं, न उतरणें हीही एक निवड आहे हें विसरूं नये. मंडळी किनाऱ्यावर गेलीं कीं जहाज रिकामें होतें. वरच्या मजल्यावर सांवलींत बसून समोरचें बेट पाहत एक दिवस घालविला तर तो फुकट गेला असें होत नाहीं. जहाजांवरील नोकरवर्गांत गोव्याकडचीं व मुंबईकडचीं माणसें पुष्कळ असतात; त्यांच्याशीं दोन शब्द कोंकणींत वा मराठींत बोलले तर बंदरांची खरी माहिती छापील यादीपेक्षां अधिक मिळते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण पैशांपुरतीच खरी नाहीं. वेळ आणि अंगांतील बळ हेंही अंथरूणच आहे. तें पाहून जो सहल निवडतो तो दिवस मावळण्यापूर्वीं जहाजावर परत येतो, आणि पाहिलेलें सारें त्याच्या लक्षांत राहतें.